शालनचा मातीचा गोळा

माझ्या मुलाचं, निवृत्तीचं, लग्न झालं ते एकोणीसशे एक्क्याण्णव साल. वैशाखात लग्न झालं आणि ज्येष्ठात तो बायकोला घेऊन भोसरीला कारखान्यात कामाला गेला. त्याच वर्षी पोळा उरकल्यावर ढगे गुरुजी माझ्या अंगणात आले. सायकल लिंबाला टेकवून म्हणाले, "भागाबाई, दर शनिवारी दोन घमेली माती पाहिजे शाळेत. मळलेली. आणि तुम्हीही बसायचं."

"बैल करायचेत का पोरांनी?"

"काय करायचं ते पोरं ठरवतील."

"आन् तुम्ही काय करणार?"

"मी गप्प बसणार."

"मग पगार कशाचा घेता?"

गुरुजी हसले. "मोठे गुरुजीपण हेच विचारतात."

मी हो म्हणाले. मालक जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं चाक मी भिंतीला उभं करून त्याच्यावर पोतं टाकलं होतं. आमच्यात बायका चाकावर बसत नाहीत. मी हातानं चुली करायची, पणत्या करायची, पोळ्याचे बैल करायची. निवृत्ती गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. कधीकधी संध्याकाळी आपलाच आवाज ऐकून मी दचकायची.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटचे दोन तास चौथीची चित्रकला. आधीचे गुरुजी फळ्यावर आंबा काढायचे आणि सगळी पोरं पाटीवर तोच आंबा काढायची. ढगे गुरुजींनी वर्गाचे चार कोपरे केले होते. एका कोपऱ्यात रंग, एकात जुनी वर्तमानपत्रं आणि खळ, एकात चिंध्या आणि सुया, आणि दाराजवळ माती. तिथं मी.

"आज कुणाला काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

सव्वीस पोरं मांडी घालून बसली होती. कुणी हललं नाही. मग बबन नावाचं एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, फळ्यावर काढा की."

"काय काढू?"

"आंबा."

"मला आंबा नकोय. तुला पाहिजे तर तू काढ."

पाव तास असाच गेला. मला वाटलं, ह्या माणसाचं आता हसं होणार. मग बबन उठला, माझ्यापुढं येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, ट्रॅक्टरला लागंल एवढी माती दे." त्याच्यामागून बाकीची उठली.

गुरुजींचे तीन नियम होते. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. हे काय आहे म्हणून विचारायचं नाही. नीट कर म्हणायचं नाही. तिन्ही नियम मलाही होते. मला ते फार जड गेलं. आमच्या धंद्यात वाकडं झालेलं भांडं कुणी ठेवत नाही, ओलं आहे तोवर ते परत चिखलात टाकून तुडवतात. माझ्यासमोर पोरं तीन पायांची म्हैस करायची, बिनदाराचं घर करायची, आणि मी हात मांडीखाली दाबून बसायची.

मोठे गुरुजी एकदा दारातून डोकावले. "ढगे, ही चित्रकला का चिखलकाला?"

"दोन्ही, गुरुजी."

"साहेब तपासणीला आले की त्यांना काय दाखवायचं?"

"पोरं दाखवतील काय ते."

मोठे गुरुजी माझ्याकडं बघून म्हणाले, "भागाबाई, तुम्ही तरी ह्यांना दोन गोष्टी शिकवा." आणि गेले.

काम झालं की प्रत्येक पोर वहीच्या कागदाच्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहून वस्तूखाली ठेवायचं. पुढच्या शनिवारी ज्याची वस्तू त्याला द्यायचं काम गुरुजींनी माझ्याकडं दिलं. मला अक्षर येत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, पण इतक्या पोरांसमोर जीभ उचलेना. मी चिठ्ठी हातात घ्यायची, तिच्याकडं बघायची आणि नाव सांगायची. खरं म्हणजे मी वस्तूकडं बघायची. मातीत प्रत्येकाचं बोट वेगळं उमटतं. बबन अंगठा रुतवतो, सुमन नख लावते, लक्ष्मण माती चोळत बसतो. बोटं बघितली की नाव कळायचं. एकदाही चुकले नाही. पोरं म्हणायची, मावशी भराभर वाचते.

त्यांच्यात शालन होती. नऊ वर्षांची, बारीक, कानात लिंबाच्या काड्या घातलेली. तिचे आईबाप दर वर्षी दसरा झाला की ट्रकमधून ऊसतोडीला जायचे आणि ही चुलतीजवळ राहून शाळा शिकायची. त्या वर्षी तिला भाऊ झाला होता. त्याला साखर कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत सांभाळायला शालनला नेणार होते. म्हणजे तिची शाळा दसऱ्यापर्यंतच.

शालननं पहिल्या शनिवारी एक गोळा केला. नारळाएवढा. दुसऱ्या शनिवारी तोच गोळा तळहातानं घोटत बसली. तिसऱ्या शनिवारी त्याला आणखी माती लावून पुन्हा घोटला. बाकीच्यांनी तोवर बैलगाड्या केल्या, देऊळ केलं, एकानं मोठे गुरुजी केले, पोटासकट.

"आणखी माती दे, मावशी."

"लई जाड झालाय गं."

"जाडच पाहिजे."

गोळा ओला राहावा म्हणून तो माझ्याकडं गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असायचा. शालन रोज शाळा सुटली की गोणपाट सुकलं का बघायला यायची. पाणी शिंपडायची आणि ओट्यावर बसायची. मी भाकरीचा तुकडा आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. ती फार बोलायची नाही. मी बोलायची. चार वर्षांचं साठलेलं मी त्या पोरीपाशी बोलले असेन. दुपार कलली की माझे कान फाटकाकडं लागायचे.

एक दिवस तिनं विचारलं, "मावशी, भाजताना हा फुटंल का?"

तो फुटणार हे मला दिसत होतं. जाड मातीची वस्तू वरून सुकते आणि आतून ओली राहते. आव्यात, म्हणजे आमच्या भट्टीत, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि वस्तू फुटते. जाताना शेजारच्या दोनचार घेऊन जाते.

"फुटला तर?" मी म्हणाले.

तिचा खालचा ओठ आत गेला.

"न्हाई फुटायचा," मी म्हणाले. "मी हाय ना."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

"ट्रक यायच्या आधी भाजशील?"

"भाजीन."

त्या शनिवारी गुरुजींना मी बाजूला घेतलं. म्हणाले, "शालनचा गोळा टिकायचा नाही. आतून पोकळ केला तर टिकंल. मी करू का?"

"तिनं सांगितलं का तुम्हाला?"

"तिनं कशाला सांगायचं? तिला काय कळतंय त्यातलं?"

"मग नको, भागाबाई. मी तिला सांगितलंय फुटू शकतो म्हणून. तरी तिला तसाच ठेवायचाय. फुटला तर फुटला. तिचं ती बघेल पुढं काय करायचं ते."

"पण ती पोर दसऱ्यानंतर हितं असणार का पुढचं बघायला?"

गुरुजींनी गोळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तरीही नको."

सगळ्या वस्तू सुकवायला माझ्या अंगणात आल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी एकटीच होते. सावलीत पोरांच्या वस्तू ओळीनं मांडल्या होत्या आणि शालनचा गोळा मध्ये होता. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. मग चाकावरून मडकं कापायचा मालकांचा दोरा काढला, गोळ्याच्या मधोमध गुंडाळला आणि ओढला.

गोळ्याचे दोन भाग झाले. अगदी मध्ये एक कागद होता, घडीवर घडी घातलेला.

मी तो अलगद उलगडला. दमट झाला होता, पण पेन्सिलीचं लिहिलेलं पुसलं नव्हतं. चार ओळी होत्या. वर एक लहान, मग दोन लांब, खाली एक लहान. मी म्हणाले, नाव असेल. चिठ्ठी खाली ठेवली तर हरवते म्हणून पोरीनं आत घातली असेल. चार ओळींचं नाव नसतं एवढं मलाही कळायला हवं होतं. पण शाळेत कुणाचं नाव किती लांब लिहितात हे मला कुठं ठाऊक होतं? आईचं, बापाचं, गावाचं, सगळं लिहिलं असेल, असं मी मनाला सांगितलं.

दोन्ही अर्ध्यांतली माती मी खरवडून काढली, बोटभर जाडी ठेवली. कडांना चिखलाचं पाणी लावून ते जोडले, खाली काडीनं वाफेला भोक पाडलं आणि वरून शालनसारखंच तळहातानं घोटलं. जोड दिसेना. कागद परत आत घालायचं माझ्या मनात आलं नाही. तो मी ओट्यावरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला.

तो कागद देवळीत दहा दिवस होता. शालन त्या दहा दिवसांत रोज आली. आता गोणपाट नव्हतं, गोळा सुकत होता. ती लांबूनच बघायची.

"हात लावू नको हां मावशी, अजून ओला आसंल."

"न्हाई लावत."

बुधवारी गुरुजी वस्तू कितपत वाळल्या ते बघायला आले. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला. देवळी त्यांच्या डोक्याच्या वर हातभर होती. मला वाटलं, कागद काढून त्यांच्या हातात द्यावा, म्हणावं, एवढं वाचा. पण मग गोळा कापल्याचं सांगावं लागलं असतं. तेही सांगितलं असतं. रागावले असते, तेवढंच. पण ते म्हणाले असते, भागाबाई, तुम्हीच वाचा की. शनिवारी तर इतक्या भराभर वाचता.

"काही म्हणत होतात का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई. साखर कमी झाली का विचारत होते."

"बरोबर आहे साखर."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे मी आवा रचला. खाली गोवऱ्या, मग वस्तू, मग पाचट, वरून राख आणि माती. विस्तव घालायला गेले तर पाचट दवानं भिजलेलं, पेटेना. मी घराकडं गेले आणि हाताला लागले ते कागद आणले. दुकानातून मीठ बांधून आलेला एक कागद होता, आणि देवळीतला तो. तो पेटायला वेळ लागला नाही.

दसऱ्याला दुपारी आवा उघडला. सोनं वाटायला निघालेली पोरं नव्या कपड्यांत तशीच माझ्या अंगणात जमली. गुरुजीही आले. चार वस्तू फुटल्या होत्या. बबनच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक आणि इंजिन उडालं होतं. मला वाटलं, पोरगं रडेल.

"आता काय करायचं?" गुरुजींनी त्याला विचारलं.

बबननं तुकडे हातात घेऊन फिरवून बघितले. "घाटातला ट्रॅक्टर म्हणायचं. ब्रेक फेल."

सगळे हसले. बबनही हसला आणि तुकडे सदऱ्यात घेऊन गेला.

शालनचा गोळा मी शेवटी काढला. लालभडक भाजला होता, कुठं चीर नाही. मी तो पदरानं पुसला आणि तिच्या हातात दिला. "बघ. म्हणलं होतं ना?"

तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि तिचे हात एकदम वर उचलले गेले. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका होता. तिनं नखानं टिचकी मारली. पोकळ मडक्यासारखा आवाज आला. तिनं तो उलटा केला आणि खालचं भोक बघितलं.

"मावशी, तू कापलास."

"फुटला असता गं. तुझ्यासाठीच—"

"आतलं कुठाय?"

मी गुरुजींकडं बघितलं. ते दुसऱ्या पोराशी बोलत होते.

"चिठ्ठी ना? तुझं नाव लिहिलेली?"

"नाव नव्हतं. कुठाय?"

"जळली, बाय. आवा पेटवायला घेतली."

तिनं आव्यातल्या राखेकडं बघितलं. मग अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं तिनं विचारलं, "वाचलीस?"

"न्हाई."

"वाचलीस तू."

"न्हाई गं. मला वाचताच येत न्हाई."

शालन माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. मोठं माणूस खोटं बोलताना पकडलं की पोरं बघतात तसं ती बघत होती.

"दर शनिवारी आमची नावं वाचतेस," ती म्हणाली.

"ती मी वाचत न्हाई. बोटं बघून—"

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. देवाशप्पथ. मला ठाऊकच न्हाई त्यात काय होतं."

"आईची शपथपण खाल्ली होतीस."

तिनं गोळा राखेच्या कडेला ठेवला. खाली ठेवतानाही अलगद ठेवला, आपटला नाही. आणि फाटकातून गेली. मी दोनदा हाक मारली. तिनं मागं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा होता. मी पहाटेच उठून भाकरी बांधली आणि वेशीवर गेले. ट्रक आधीच भरला होता. भांडी, कोंबड्या, पाचटाच्या चटया, त्यांच्यावर माणसं. शालन भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मी खालून भाकरी वर केली. तिच्या आईनं घेतली आणि म्हणाली, "शाले, मावशीला म्हण, येते." शालन भावाचं टोपडं बांधत राहिली. ट्रक गेला.

तिथून मी शाळेत गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं कमी होती. गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

"तिनं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "बंद वस्तूत कागद घालून भाजला तर काय होतं. मी म्हणालो, जळतो, पण राख आतच राहते, बाहेर जात नाही. तिला ते फार बरं वाटलं. म्हणाली, मग कुणाला वाचता पण येणार नाही आणि टाकून पण द्यायचं नाही. आणि फुटू नये म्हणून जाड करते, म्हणाली."

"काय लिहिलं होतं?"

"मी विचारलं नाही."

"मला तरी सांगायचं, आत काय हाय ते."

"तिचं होतं ते. मी कसं सांगणार?" मग म्हणाले, "सांगायला हवं होतं कदाचित."

मी म्हणाले, "गुरुजी, मला वाचता येत न्हाई."

"ठाऊक आहे. बबननं एकदा चिठ्ठीवर नाव लिहिलंच नव्हतं, चिमणी काढली होती. तुम्ही ती बघून 'बबन' म्हणालात."

"मग बोलला का न्हाई?"

बाहेर पोरं प्रार्थनेला उभी राहिली होती.

"मला शिकवा," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरची पाटी माझ्यापुढं सरकवली आणि पोरांना विचारायचे तसंच विचारलं, "आधी काय लिहायचंय?"

"शालन."

मला पंचेचाळिसावं वर्ष चालू होतं. बोटं मातीची सवय झालेली, त्यांना पेन्सिल धरवेना. जोडाक्षरं यायला दोन वर्षं गेली. शनिवारची माती चालू राहिली. मी पोरांना सांगून टाकलं की मला येत नाही, तर ती चिठ्ठ्यांवर मोठं मोठं लिहायला लागली. बबन माझी परीक्षा घ्यायचा.

ऊसतोड संपवून शालनचे आईबाप पावसाच्या तोंडाला परत आले, पण शालन आली नाही. तिला तिकडंच बारामतीकडच्या आत्याजवळ ठेवली होती, भावाला घेऊन. पुढंही ती आली नाही. चौऱ्याण्णव साली मी तिला पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. लिहायला चार दिवस लागले. लिहिलं की, तुझा कागद मी वाचला नव्हता, मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आता येतं. लिहून झाल्यावर मी ते वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की ह्यावर ती कसा विश्वास ठेवणार. तरी टाकलं. उत्तर आलं नाही.

अक्षर आल्यावर मी पुष्कळदा डोळे मिटून तो कागद आठवायचा प्रयत्न केला. मालकांनी केलेलं एखादं मडकं मी आजही डोळ्यांपुढं आणू शकते, त्याचा गळा, त्याचा काठ. त्या कागदावरचं एकही अक्षर मला आणता आलं नाही. चार ओळी होत्या, वर एक लहान, मध्ये दोन लांब, खाली एक लहान, एवढंच. ते पत्रासारखं होतं, हे मला स्वतः पत्र लिहिलं तेव्हा कळलं. कुणाला लिहिलं होतं, ते नाही कळलं.

ढगे गुरुजींची सत्त्याण्णव साली जामखेडला बदली झाली आणि त्यांच्यामागं शाळेत पुन्हा आंबा सुरू झाला. गुरुजी दोन हजार बारा सालच्या माघात हृदयविकारानं गेले. शालन त्यांच्या आधी गेली. ती दोन हजार एकच्या श्रावणात, दुसऱ्या बाळंतपणात, बारामतीच्या दवाखान्यात वारली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.